तंबू देणे सोपे आहे

गोदाघाटावर रात्री निजणाऱ्या माणसांविषयी आमच्या नाशकात दोन मते आहेत, आणि दोन्ही सारखीच आळशी आहेत.

पहिले मत म्हणते, हे लोक कामचुकार, हुसकून लावा. १९५९ साली मुंबई राज्यात भीक मागणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा झाला, तो याच मताचा. पण पेठ-सुरगाण्याकडून भाताची कापणी आटोपून पेठ फाट्यावर काम शोधायला येणारा, दिवसभर विटा वाहून रात्री दुकानाच्या पायरीवर अंग टाकणारा आदिवासी मजूर कामचुकार, तर मग कष्टाळू म्हणावे तरी कोणाला?

दुसरे मत दयाळू आहे, म्हणून त्याच्याशी भांडणे अवघड. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभारणाऱ्या नगरीला मूठभर बेघरांना छप्पर देता येऊ नये काय, असे ते विचारते. कानाला गोड, पण तुलना फसवी! साधू पर्वणी आटोपून निघून जातो. त्याला जागा पुरते. घाटावर मात्र एकाला पोटच्या मुलाने आणून सोडलेले असते, दुसऱ्याला दारूने, तिसऱ्याला मनाच्या आजाराने, चौथ्याला दुष्काळाने. चौघांना एका तंबूत निजविले, म्हणून चार दुखणी एक होत नाहीत.

केंद्र सरकारच्या २०१३ च्या अभियानाचे माप असे, की लाख वस्तीमागे शंभर माणसांचा निवारा. २०११ च्या खानेसुमारीत नाशकाची वस्ती सुमारे १४ लाख ८६ हजार. म्हणजे पंधरा निवारे. हिशेब चोख! पण माणूस हिशेबाने निजत नाही, कामाजवळ निजतो. निवारा लांब, तर पहाटेची मजुरी हुकते. पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे, तर नवराबायको पूल पत्करतात. घरकुल मागायला जावे, तर अर्जात रकाना असतो पत्त्याचा!

१९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जगण्याच्या हक्कातच उपजीविकेचा हक्क येतो. आणि त्याच निकालाने त्यांना हटविण्याची वाटही मोकळी ठेवली. आपले मनही असेच दुभंगलेले आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही, पण चिवट आहे. निवारा नाक्याजवळ हवा, कुटुंब एकत्र ठेवणारा हवा. आजाऱ्याला औषध, व्यसनीला उपचार आणि प्रत्येकाला कागदावर लिहिता येईल असा पत्ता हवा. यात वर्षे जातील. ती द्यायची तयारी नसेल, तर निदान २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट झाडताना माणसे झाडू नका. त्याने प्रश्न सुटत नाही. तो या पुलाखालून त्या पुलाखाली जातो, इतकेच.