सेल्फ आणि डायनमो एकाच डब्यात

यंदाची उन्हाळी सुट्टी मी सुरतजवळच्या कडोदऱ्याला, मामांच्या घरी काढली. कडोदरा हे काही सहलीला जाण्याचे ठिकाण नव्हे. कापड रंगविण्याच्या व छपाईच्या गिरण्या, त्यांची धुराडी, परप्रांतीय कामगारांच्या खोल्या आणि चार रस्ता. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि सुरतेहून बारडोलीमार्गे धुळ्याकडे जाणारा ५३ हे येथे एकमेकांस छेदतात. गंमत अशी की, हाच ४८ क्रमांकाचा रस्ता आपल्या बेळगावावरूनही जातो. त्यामुळे मामांच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसले की केए-२२ ची पाटी असलेला एखादा ट्रक दृष्टीस पडतोच, आणि मनाला उगाच बरे वाटते.

मामांचे दुकान ऑटो इलेक्ट्रिकचे. सेल्फ, डायनमो, वायरिंग, हॉर्न, बॅटरी. (हल्ली गाडीत असतो तो खरे तर अल्टरनेटर, पण दुकानात त्याला डायनमोच म्हणतात, आणि मीही तसेच लिहिणार आहे. विज्ञान शाखेच्या मित्रांनी क्षमा करावी.) एके दुपारी गोकाककडचा एक ड्रायव्हर "चार्जिंग आग्तिल्ल" असे सांगत आला. पंचवीस वर्षे गुजरातेत राहून मामांचे कन्नड गंजले आहे, तेव्हा दुभाष्याचे काम मी केले. मामांनी डायनमो उतरवला, उघडला, झिजलेले कार्बन बदलले, डायोड प्लेट तपासली, आणि तासाभरात ट्रक वापीच्या दिशेने गेला. त्या तासाभराच्या कामावर मामांचे घर चालते. वही मी पाहिली आहे. सुट्टीत हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडेच होते.

पुढच्याच आठवड्यात एक कुटुंब सापुताऱ्याहून परतताना थांबले. गाडी नवी, पेट्रोलची, टर्बो, आणि 'माइल्ड हायब्रिड'. बॅटरीचा लाल दिवा लागलेला. मामांनी बॉनेट उघडले, आणि डायनमोच्या जागी त्यांना भलताच एक डबा दिसला. पट्टा होता, पण डब्याला जाडजूड तारा आणि बारीक तारांचा वेगळा जोड. मामांनी हात मागे घेतला. "हा मी उघडत नाही," असे ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकले. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून सुरतेस गेली. पुढे मालकाने फोनवर सांगितले की, डबा सबंध बदलावा लागला आणि त्याचे बिल मामांच्या दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक झाले.

त्या रात्री जेवताना मामांनी विचारले, "काय रे, तू शिकलेला आहेस, हे हायब्रिड म्हणजे नेमके काय?" मी वाणिज्य शाखेचा, मला काय ठाऊक? पण शिकलेला म्हटल्यावर गप्प कसे बसावे? तेव्हा वाचले, आणि जे समजले ते असे.

मोटारीत दोन विजेची यंत्रे पूर्वीपासून आहेत. सेल्फ इंजिन फिरवून चालू करतो. डायनमो चालू इंजिनाकडून फिरून बॅटरी भरतो. एक वीज खातो, दुसरा वीज देतो. परंतु मोटर आणि जनित्र ही मुळात एकाच यंत्राची दोन तोंडे होत. मग दोघांना एकत्र का करू नये? माइल्ड हायब्रिडमध्ये हेच केलेले असते. पट्ट्यावर एकच यंत्र बसते. ते इंजिन चालू करते, बॅटरी भरते, ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती थोडी परत मिळवते, आणि गाडी उचलताना इंजिनाला क्षणभर ढकलतेही. (काही गाड्यांत थंड इंजिनासाठी जुना सेल्फही ठेवलेला असतो.) केवळ विजेवर गाडी पळेल एवढी ताकद त्याच्यात नसते, म्हणून ते 'माइल्ड'.

रस्ता सोडून चालणाऱ्या गाडीला याचा उपयोग अधिक का, हा भाग मला फार मनोरंजक वाटला. टर्बो हा इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे दोन लिटरचे इंजिन तीन लिटरच्या इंजिनाचे काम करते. पण धूर पुरेसा नसेल तर पंखा फिरणार कसा? इंजिन हळू फिरत असताना टर्बो झोपलेला असतो. आता खानापूर तालुक्यातील एखादी जंगलवाट पावसाळ्यात डोळ्यांपुढे आणा. चाक दगडावर चढवायचे आहे, वेग माणसाच्या चालीचा, इंजिन जेमतेम फिरते आहे, आणि जोर मात्र त्याच क्षणी हवा. पाय दाबावा तर आधी काहीच होत नाही आणि मग एकदम गाडी उसळते. विजेच्या मोटरीचा स्वभाव नेमका उलटा. ती पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर देते. टर्बो जागा होईपर्यंतचा सेकंद-दीड सेकंद ती भरून काढते.

जीप रँग्लरच्या २०१८ च्या नव्या अवतारात अमेरिकेत दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला अशी ४८ व्होल्टची जोड दिली गेली. लँड रोव्हर डिफेंडरच्या तीन लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनातही ती आहे. ही कंपनी २००८ पासून आपल्या टाटांच्या मालकीची आहे, जरी डिफेंडर तयार होते ती स्लोव्हाकियात. ४८ व्होल्टच का, याचे उत्तर शाळेतल्या गणिताने मिळते. दहा किलोवॅटची मोटर १२ व्होल्टवर चालवायची तर आठशेहून अधिक अँपिअर प्रवाह लागेल, आणि तारा मनगटाएवढ्या जाड होतील; ४८ वर तेच काम सुमारे दोनशे अँपिअरमध्ये होते. शिवाय ६० व्होल्टच्या आत राहिले की माणसाला झटक्याचे भय फारसे नसते. २०२० साली आलेल्या, नाशिकला बनणाऱ्या थारमध्ये दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते, पण ही विजेची जोड नव्हती. मारुतीच्या फ्राँक्समध्ये एक लिटरचा टर्बो आणि सौम्य हायब्रिड दोन्ही आहेत, ती गुजरातेतच बनते. मात्र ती डोंगर चढायला निघालेली गाडी नव्हे. तेव्हा दोन्ही गुण असलेली खरी रानगाडी आज आपल्याकडे श्रीमंताच्याच दारात दिसते. खानापूरच्या खड्ड्यांतून रोज जाणारे आपले वडाप अजून जुन्या डिझेलवर चालते, ही गोष्ट बाजूस ठेवू.

मामांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि हा डबा जंगलात बंद पडला तर?"

माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. जुन्या जीपचा सेल्फ गेला तर चार जण धक्का मारत. डायनमो गेला तर बॅटरीवर दहा-वीस मैल काढून पहिल्या तिठ्यावरचा इलेक्ट्रिशियन गाठत. जीप खेडोपाडी रुजली ती केवळ चार चाकांना जोर होता म्हणून नव्हे, तर कोणताही हुशार मिस्त्री ती उघडू शकत होता म्हणूनही. जेथे कोणी जात नाही तेथे जाण्यासाठी बनविलेली गाडी केवळ मोठ्या शहरातल्या एकाच काचेच्या दालनात दुरुस्त होणार असेल, तर ती आपल्याच कामाला नालायक ठरते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. डबा बंद असतो त्यामागे केवळ लोभ नाही. डिफेंडर ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते असे तिचे निर्माते सांगतात. तेवढ्या पाण्यात टिकायचे तर यंत्र घट्ट मिटलेलेच हवे. त्यात नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असते, लिथियम बॅटरीशी खेळ केला तर आग लागू शकते. रस्त्याच्या धुळीत तो उघडू नये हे मला पटते. मामांनी हात मागे घेतला तो भ्यायले म्हणून नव्हे, शहाणे म्हणून. पण डबा उघडू नका हे सांगणे वेगळे, आणि डब्याला काय झाले आहे हेही कळू देणार नाही हे वेगळे. दोष डब्यात आहे, पट्ट्यात आहे, की एखाद्या सुटलेल्या तारेत, हे पाहायला जो स्कॅनर लागतो, जी माहिती लागते, ती मिळाली तर निम्मी कामे चार रस्त्यावर होतील.

हे माझे एकट्याचे रडगाणे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत म्हणून. पुढे अपिले झाली, ते वेगळे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, आणि त्यात मोटारीही घेतल्या. आमच्या कंपनी कायद्याच्या तासाला असे निवाडे आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. मामांच्या दुकानात बसल्यावर कळले की, तो निवाडा त्यांच्याविषयी होता, आणि त्यांना तो कोणी सांगितलाच नव्हता.

कराविषयीही बोलले पाहिजे, कारण तो माझा प्रांत. २०१५ च्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडला सरकारी मदत मिळत होती. १ एप्रिल २०१७ पासून ती काढून घेतली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीच्या आतल्या आणि चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, तीत हायब्रिड असो वा नसो. त्याहून मोठीला ४० टक्के. म्हणजे कायदा गाडीची लांबी मोजतो, इंजिनाचे पोट मोजतो. ती दुरुस्त होते की नाही हे मोजत नाही. महागड्या रानगाड्यांना कराची सूट द्यावी असे मी मुळीच म्हणणार नाही; त्यांच्या पेट्रोलाची चिंता देशाने वाहायचे कारण नाही. पण उद्या सवलत मागत कोणी आलेच, तर दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग खुल्या बाजारात ठेवण्याच्या अटीवर ती द्यावी. एका हाताने घ्या, दुसऱ्या हाताने द्या. बॅटरीचाही हाच नियम आहे.

मामांना मी वहीचे आकडे काढून दाखवले. निम्म्याहून जास्त कमाई ट्रकांची, २४ व्होल्टच्या जुन्या सेल्फ-डायनमोची. "म्हणजे माझे भागेल," ते म्हणाले, "याचे काय?" हा म्हणजे माझा धाकटा मामेभाऊ, दहावीला बसलेला, आयटीआयचा फॉर्म आणून ठेवलेला. स्कॅनर कर्जाने घ्यावा का, असेही त्यांनी विचारले. मी व्याज काढले, हप्ता काढला, आणि महिन्याला किती गाड्या आल्या म्हणजे तो सुटेल तेही काढले. पण स्कॅनर असूनही कंपनीने माहितीचे कुलूप लावलेलेच ठेवले तर काय, या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. मी घ्या म्हणालो. खात्रीने म्हणालो असे नाही.

मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी तो सापुताऱ्याचा मालक पुन्हा आला. मामांनी त्याच्याकडून जुना, बाद झालेला डबा मागून ठेवला होता. तो त्याने आणून दिला. संध्याकाळी मामेभाऊ तो मांडीवर घेऊन बसला. चार स्क्रू निघाले. पाचवा वेगळ्याच तोंडाचा होता, आणि त्याला बसणारा पाना दुकानात नव्हता. सकाळी मी गाडीत बसलो तेव्हा तो सायकल काढून पाना शोधायला सुरतेच्या रस्त्याने निघाला होता.