भार, वाट आणि इंजिन

टोमॅटो-कांद्याचा हंगाम साधला की कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावात नव्या वाहनाची मसलत सुरू होते, आणि तीत पहिला प्रश्न बहुधा अश्वशक्तीचा निघतो. वस्तुतः सर्वांत शेवटी विचारावयाच्या या प्रश्नाला अग्रमान मिळाल्यामुळेच मालासाठी ट्रक, वावरासाठी जीप आणि प्रतिष्ठेसाठी आलिशान मोटार घेणारे तिघेही एकाच फसगतीचे धनी होतात.

आळेफाट्याहून माल लादून माळशेज घाट उतरणाऱ्या, आणि परतीचा भार घेऊन तोच घाट चढणाऱ्या ट्रकाला वेगाचे अप्रूप नसते. त्याला हवा असतो कमी फेऱ्यांत मिळणारा टॉर्क, म्हणजे चाक फिरविणारा पीळ. डिझेल इंजिन ठिणगीवाचून, केवळ दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटविते. त्यातला दाब, लांब स्ट्रोक आणि टर्बोचार्जर यांमुळे हा पीळ त्याला सहज साधतो. मात्र तेच इंजिन उताराला स्वतःहून फारसा आवर घालीत नाही, सबब एक्झॉस्ट ब्रेकची तजवीज तितकीच अगत्याची.

पावसाळ्यात काळ्या रानातून निघणाऱ्या फोर बाय फोर जीपचा निकाल इंजिनाइतकाच तिच्या लो गिअरवर लागतो, कारण तोच पिळाला कैक पटींनी वाढवितो. इंजिनाच्या कुळाचेही तसेच: पुण्याच्या बजाज टेम्पोने डाइमलर-बेंझच्या परवान्याने बनविलेले ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन मूळचे मर्सिडीजच्या २४० डी या सेदान मोटारीतले. पुढे तेच टेम्पो ट्रॅक्स या जीपवजा गाडीत बसून महाराष्ट्राच्या खेडोपाडी उतारूंनी खच्चून भरलेल्या फेऱ्या करू लागले. तात्पर्य, इंजिनाचे कुळ थोर असणे निराळे आणि ते आपल्या कामाला लागू पडणे निराळे.

आलिशान मोटारीत निःशब्दता आणि मृदुता यांचे मोल अधिक. तेथे पेट्रोल वा हायब्रीड इंजिनच शोभते, आणि डिझेलचा पक्ष घ्यावयाचा तो केवळ लांब पल्ल्याच्या नित्य प्रवासासाठी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चा अंमल सुरू झाल्यावर नव्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर आला. तो पुरेसा तापला तरच साचलेली काजळी जळते. गावातून फाट्यापर्यंत जाऊन परतणाऱ्या मोटारीत तो तापण्याआधीच इंजिन बंद होते, फिल्टर तुंबतो, आणि स्वस्त इंधनातून वाचलेला पैसा गॅरेजच्या बिलात जातो. अशा मालकाने, शोरूममधील शिफारस कितीही गोड असली तरी, पेट्रोलच घ्यावे.

म्हणून खरेदीदाराने बयाणा देण्यापूर्वी भार किती, चढ किती आणि रोजची धाव किती, या तीन रकमा कागदावर मांडाव्या. अश्वशक्तीचा आकडा चौथ्या ओळीत लिहावा, आणि शेजाऱ्याने कोणती गाडी घेतली हे मुळीच लिहू नये.

— चक्रधर