बोनस ऐंशी लाखांचा, तोही डॉलरमध्ये!

पनवेल सोडून गोवा हायवेला लागलेल्या गुहागरच्या ग्रुपमध्ये एक तरी जण विचारतोच, ‘त्या एन्रॉनचं पुढे काय झालं रे?’ अंजनवेलचा तो दाभोळ वीज प्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला आणि २ डिसेंबर २००१ ला अमेरिकेत कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली. प्रकल्प पुढे ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ नावाने सुरू झाला, एन्रॉन मात्र गेली ती गेलीच.

पण त्याच कंपनीच्या ह्यूस्टन ऑफिसातला एक जण तेव्हा भलताच फॉर्मात होता. जॉन आर्नल्ड, वय २७. काम? नैसर्गिक वायूच्या भावावर सौदे. थंडी किती पडेल, साठा किती उरेल याचा अंदाज बांधायचा आणि पुढच्या महिन्यांचा माल आजच घ्यायचा किंवा विकायचा. २००१ मध्ये पठ्ठ्याने कंपनीला सुमारे ७५ कोटी डॉलर कमावून दिले आणि ऐन दिवाळखोरीच्या तोंडावर ८० लाखांचा बोनस उचलला. घोटाळ्यात त्याचं नाव नव्हतं, हेही सांगायला हवं. मात्र हजारो सहकाऱ्यांची नोकरी गेली. निवृत्तीसाठी साठवलेला पैसा एन्रॉनच्याच शेअर्समध्ये होता, तोही बुडाला.

२००२ मध्ये त्याने स्वतःचा फंड काढला, सेंटॉरस. २००६ मध्ये अमॅरंथ नावाचा फंड गॅसच्याच सौद्यांत बुडाला, तेव्हा हा उलट्या बाजूला होता. आणि २०१२ मध्ये, ३८ व्या वर्षी, दुकान बंद! (आपण त्या वयात होम लोनचे हप्ते मोजत असतो.)

निम्म्याहून जास्त संपत्ती दान करायचं वचन त्याने आणि बायको लॉराने २०१० मध्येच दिलं होतं. देण्याची पद्धतही ट्रेडरचीच: आधी आकडे दाखवा. मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहणाऱ्या प्रकल्पाला त्यांनी पैसे दिले. २०१५ मध्ये निकाल आला, निम्म्याहून कमी टिकले. असा चेक फाडायला डोकं लागतं, मानलं!

खटकतं ते पुढचं. सरकारी नोकरांच्या पेन्शनचा बोजा कमी करा म्हणणाऱ्या मोहिमांनाही त्याने भरपूर पैसा दिला. तिथल्या युनियन भडकल्या. मार्च २०२३ मध्ये आपल्याकडे जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हाचं वातावरण आठवा. आर्नल्डचं म्हणणं, तिजोरीत नसलेल्या पैशांची वचनं देऊ नका. हिशेब म्हणून पटतंही. पण ज्या ऑफिसात सहकाऱ्यांची म्हातारपणाची पुंजी बुडाली, तिथूनच बोनस घेऊन निघालेल्या माणसाने हे सांगावं?