भीती, अधिक जीएसटी

मोटार विकणाऱ्या माणसाला दोन जिभा असतात. पहिली जीभ सही होईपर्यंत चालते आणि दुसरी सही झाल्यावर. पहिली सांगते, "साहेब, या गाडीला दहा वर्षं बघायला नको." दुसरी त्याच तोंडातून, त्याच खुर्चीवरून सांगते, "साहेब, चौथ्या वर्षी काय होईल ते मात्र सांगता येत नाही हं!" या दोन वाक्यांच्या मध्ये पेनाला टोपण लावण्याइतकाच वेळ जातो. या दुसऱ्या जिभेच्या पोटी जी अपत्यं जन्मली त्यांतल्या थोरलीचं नाव 'एक्स्टेंडेड वॉरंटी' आणि धाकटीचं 'मेंटेनन्स प्लॅन'. या दोन भगिनींविरुद्ध मला आज चार शब्द लिहायचे आहेत.

मला हा अधिकार कोणी दिला, असं कोणी विचारील. मी बी. कॉम. असून बँकेत कारकून आहे. कुंडलसारख्या गावात बँकेतला माणूस म्हणजे व्याजाचा वैद्य. म्हैस घ्यायची असो, प्लॉट घ्यायचा असो की मोटार, "चला साहेब, जरा बरोबर" म्हणून लोक मला घेऊन जातात. म्हशीच्या कासेतलं मला काही कळत नाही, हे म्हशीलासुद्धा एका नजरेत कळतं. पण कागद मात्र मी वाचतो. इतर लोक पेढे खात असतात तेव्हा मी बारीक अक्षर वाचत असतो, आणि त्यामुळे मला पेढा नेहमी शेवटचा आणि चेंगरलेला मिळतो.

शेजारच्या आबांचं उसाचं बिल जमा झालं तेव्हा त्यांच्याबरोबर सांगलीला जायचा योग आला. आबांनी गाडी पसंत केली ती रंगावरून. कर्ज ठरलं, सही झाली, हार आला, नारळ आला. मग त्या टायवाल्या पोरानं एक गुळगुळीत रंगीत कागद हळूच पुढे सरकवला. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे ही गाडी मोडनार हाय व्हय?"

"तसं नाही हो काका!"

"आरं, मगाशी तर म्हनलास, धा वर्सं बगाया नगं."

"ते आहेच काका. हे आपलं मनाच्या शांतीसाठी."

"मनाच्या शांतीला अठरा हजार? आमच्या झरी पार्श्वनाथाच्या डोंगरावर ती फुकट मिळती की रं!"

पोरगा गप्प झाला. त्याचा तरी काय दोष? त्यालाही वरून टार्गेट असणार. हे दुःख मी ओळखतो. कर्ज मागायला आलेल्या माणसाला जाता जाता विम्याची पॉलिसी चिकटवायची, हा रिवाज आमच्याही धंद्याला अपरिचित नाही. म्हणूनच सांगतो की माणूस अर्जावर सही करून हसला, की तो क्षण खरेदीला सर्वांत वाईट. आठ-दहा लाखांपुढे अठरा हजार म्हणजे त्याला चिल्लर वाटते. तोच माणूस दुसऱ्या दिवशी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस करतो.

आता थोडं अंकगणित. अठरा हजार हा आकडा गाडीगणिक कमीजास्त होईल, वर १८ टक्के जीएसटीही असतो. आपण सोयीसाठी सगळं मिळून १८,००० धरू. नव्या गाडीला कंपनीची स्वतःची वॉरंटी असतेच, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची. मारुतीनं तर जुलै २०२४ मध्ये आपली दोन वर्षांची आणि ४०,००० किलोमीटरची मुदत वाढवून तीन वर्षं आणि एक लाख किलोमीटर केली. म्हणजे कंपनीला आपल्या मालाची इतकी खात्री, की पदरचं वर्ष वाढवून देते. मग तिच्याच दुकानात आपल्याला चौथ्या वर्षाची धास्ती का घालावी? शिवाय ही वाढीव वॉरंटी सुरू होणार पहिली संपल्यावर, आणि पैसे मात्र आज. ती रक्कम ९ टक्क्यांच्या, सात वर्षांच्या कर्जात घातली तर फेड होते सुमारे २४,३०० रुपयांची. तेच १८,००० साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षं ठेवीत टाकले तर होतात सुमारे २१,८००. चौथ्या वर्षी गाडी बिघडली तर हे पैसे मिस्त्रीला द्या. नाही बिघडली तर पैसे तुमचे. वॉरंटीत मात्र गाडी नाही बिघडली तर पैसे त्यांचे, आणि आपण वर म्हणायचं, बरं झालं बिघडली नाही!

यंत्रंही माणसासारखीच असतात, असं जाणकार सांगतात. दुखणी एक तर बाळपणी येतात, नाहीतर म्हातारपणी. बाळपण कंपनीच्या फुकट वॉरंटीत निघून जातं. म्हातारपणी कोणी वॉरंटी देत नाही. मधली धट्टीकट्टी वर्षं तेवढी आपल्याला विकत मिळतात.

मोठा घोळ आहे तो तीन कागदांचा. विमा, वॉरंटी आणि मेंटेनन्स प्लॅन यांना आपल्याकडे सरसकट 'इन्शुरन्स' म्हणतात. वास्तविक विमा हा बाहेरून बसलेल्या फटक्याचा, आणि तोही नुसता थर्ड पार्टी नसला तर. वॉरंटी ही आतल्या दोषाची. आणि प्लॅन म्हणजे तेलपाण्याची आणि मजुरीची आगाऊ दिलेली रक्कम. २०१९ साली कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा गाड्याच्या गाड्या बुडाल्या. पुराला वॉरंटी ओळखत नाही. तिथं कामाला येतो तो विमा. आमच्याकडे गाडी उभी असते उसाच्या बांधाला, आणि उसातल्या उंदरांना वायरची चव फार. तेही वॉरंटीत बसत नाही. टायर नाही, बॅटरी बहुधा नाही, क्लच प्लेट नाही, ब्रेकचे पॅड नाहीत, वायपरचं रबर नाही. 'झिजणारे भाग वगळून' असं लिहिलेलं असतं. अहो, पण जगात न झिजणारं आहे काय? आत्मा! तो तेवढा वॉरंटीत येत असावा.

कुंडलच्या मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाला निकालाची एक सरळ सवय असते. पाठ टेकली की चितपट, हलगी वाजते, विषय संपतो. वॉरंटीच्या फडात पाठ टेकली तरी पंच वही काढून म्हणतो, "टेकली खरी, पण खांदा करारात येत नाही."

आणि हे आपण कुठं सहन करतो? तर १९४३ च्या पुढे ज्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारनं भल्याभल्या सावकारांना वठणीवर आणलं, तिथं! त्यांची नातवंडं आज चार पानांच्या बारीक अक्षराखाली न वाचता सही ठोकतात आणि वर सेल्फी काढतात.

दुसरा दाखला याहून जवळचा. शेजारी किर्लोस्करवाडी. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी आधी हात लावायला तयार नव्हता, कारण लोखंडानं जमिनीत विष पसरतं अशी समजूत होती. लक्ष्मणरावांना माल खपवायचा तर आधी गिऱ्हाइकाच्या मनातली भीती घालवावी लागली. त्या माळापासून हाकेच्या अंतरावरचे आम्ही आज शहरात जाऊन, नसलेली भीती रोख पैसे मोजून घरी आणतो. शंभर वर्षांत व्यापाराची एवढी प्रगती झाली!

आता मिस्त्रीचा मुद्दा. "गावातल्या मिस्त्रीचा हात लागला की वॉरंटी गेली बघा," हा शेवटचा बागुलबुवा. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच निकालात आयोगानं म्हटलं, की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्या त्याविरुद्ध पुढे लढत राहिल्या, तो भाग वेगळा. पण न्याय सरळ आहे. एका डॉक्टरनं नख कापलं म्हणून दुसऱ्यानं दमा तपासायचं नाकारू नये. फक्त मिस्त्रीकडून पावती घ्या. आमचे मिस्त्री पावती मागितली की लग्नात आहेर परत केल्यासारखे रागावतात, पण देतात.

याच मिस्त्रींना मी विचारलं, तर ते म्हणाले, "साहेब, जुनी फियाट मी कानानं दुरुस्त करायचो. ह्या नव्या गाडीत कंप्युटर हाय. त्यो गेला तर माझ्या पान्याला काय ऐकतोय?" खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग, इंजिनचा मेंदू, यांतलं एखादं गेलं तर बिल बघून माणूस बसतो. आमच्या काउंटरवर प्रवासी गाडी चालवणारी पोरं हप्ता भरायला येतात. त्यांची गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर हप्ता थकतो, घरची चूलही थंड होते. अशा पोराला मी वॉरंटी घेऊ नको असं सांगणार नाही. यादी नीट वाच, मोठे भाग त्यात आहेत का बघ आणि धंद्याची गाडी त्यात बसते का ते आधी लिहून घे, एवढंच सांगेन. मेंटेनन्स प्लॅनचंही तेच. ज्याची गाडी महिन्याला हजारो किलोमीटर पळते त्यानं दर सर्व्हिसचा खर्च मांडून बघावा. दिवाळीला आणि यात्रेला गाडी काढणाऱ्यानं त्या भानगडीत पडू नये. वर्षातून दोनदा तेलपाण्यासाठी सांगली नाहीतर कराड गाठण्यात दिवस जातो, तो प्लॅनमध्ये धरलेला नसतो.

आमच्या धंद्यातलं साधं सूत्र आहे. जो फटका सोसवणार नाही त्याचा विमा उतरावा. जो सोसवेल त्याची ठेव ठेवावी. आणि घाई तर मुळीच करू नये. बहुतेक कंपन्या पहिली वॉरंटी संपेपर्यंत वाढीव वॉरंटी विकतात. किंमत थोडी चढते, चढू द्या. जावयाचा स्वभाव कळायलासुद्धा तीन दिवाळ्या लागतात, तेवढ्यात गाडीचाही कळतो. सारखी कुरकुरणारी निघाली तर खुशाल वॉरंटी घ्या. गुणी निघाली तर तिच्यावर संशय घेण्याचे पैसे भरू नका.

आबांनी तो रंगीत कागद चौघडी करून खिशात घातला आणि पोराला म्हणाले, "तीन वर्सांनी यतो. तू असलास तर घेतो."

तो तिथं असण्याची वॉरंटी मात्र कुणी दिली नाही.