दोनशे साठ यार्डांची थाप

मुंबईतल्या हौशी गोल्फरला त्याचा ड्राइव्ह किती लांब जातो असं विचारलं, तर उत्तर २५०च्या खाली येत नाही. अंधेरीचा सॉफ्टवेअरवाला असो, घाटकोपरचा हिऱ्यांचा व्यापारी असो, मुलुंडचा डॉक्टर असो की बोरिवलीचा बिल्डर, सगळ्यांचा आकडा ठरलेला: २५० ते २६० यार्ड. हे धडधडीत खोटं आहे आणि बोलणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्था आहेत, स्कॉटलंडमधली आर अँड ए आणि अमेरिकेतली यूएसजीए. ड्राइव्हची लांबी त्या वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. ब्रिटनमधल्या मैदानांवर पुरुष हौशी खेळाडूंची सरासरी १९९६ साली २०० यार्ड भरली होती. २०१९ साली ती २१६च्या आसपास होती. मधल्या काळात ड्रायव्हरचं डोकं टायटॅनियमचं झालं, ४६० घन सेंटिमीटरच्या मर्यादेपर्यंत फुगलं, चेंडू बदलला, आणि एवढं होऊन हौशी माणसाच्या पदरात पडले अवघे १६ यार्ड. ज्यांचा हँडिकॅप २१च्या वर आहे, म्हणजे खेळ बराच कच्चा आहे, त्यांची सरासरी तर १८०च्या आसपासच राहिली. पीजीए टूरवर पोट भरणारे, दिवसभर सराव आणि व्यायाम करणारे तरणेबांड व्यावसायिक सरासरी ३००च्या घरात मारतात. मग शनिवारी सकाळी पोट सावरत टीवर उभा राहणारा आपला पन्नाशीचा गृहस्थ २६० कुठून आणतो?

मे महिन्यात जमीन तापून कडक झालेली, वारा पाठीमागून, उतार पुढे, आणि चेंडू गाडीच्या सिमेंटच्या वाटेवर आपटून उडालेला. असा एक फटका दोन वर्षांपूर्वी कधीतरी गेला होता. तोच त्याची सरासरी. जुलैत त्याच मैदानावर चेंडू पडतो तिथेच चिखलात रुततो, एक यार्डही घरंगळत नाही, तरी आकडा तोच राहतो. हल्ली शहरात बंद खोलीतले सिम्युलेटर आले आहेत. तिथे पडद्यावर उमटलेला सगळ्यात मोठा आकडा फोनमध्ये टिपून ठेवायचा आणि बाकीचे पुसायचे, ही नवी रीत.

थाप पकडायला यंत्र लागत नाही. ३८० यार्डांचा पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल घ्या. २६० मारले असतील तर १२० उरले, म्हणजे हातात नऊ नंबरचं आयर्न पुरे. हा माणूस मात्र कॅडीकडे हायब्रिड मागतो, तेही पुरत नाही आणि चेंडू ग्रीनच्या अलीकडे पडतो. म्हणजे १८० तरी उरले होते. म्हणजे ड्राइव्ह २००चा होता. ही वजाबाकी तिसरीतलं पोर करील. वर्षाकाठी कोट्यवधींचे ताळेबंद तपासणाऱ्या माणसाला ती येत नाही असं मी मानणार नाही.

दोनशे यार्ड ही चांगली लांबी आहे. दोनशे यार्ड सरळ मारणारा माणूस योग्य टीवरून खेळला तर नव्वदच्या आत येऊ शकतो. पण खोट्या लांबीपायी तो मागच्या पांढऱ्या किंवा निळ्या टीवर जाऊन उभा राहतो, प्रत्येक पार चारवर तिसऱ्या फटक्याला ग्रीन गाठतो, मागच्या दोन चौकड्यांना तासभर उन्हात ताटकळत ठेवतो. पुढची टी घ्या असं सुचवलं की अपमान वाटतो. आणि लांबीबद्दल खोटं बोलणारा हाच माणूस पुढे कार्ड लिहितो.

कार्डाची गत पाहा. पहिल्या टीवर चेंडू झाडीत गेला की दुसरा ठेवायचा, मुलिगन म्हणायचं, मोजायचं नाही. नियमांच्या पुस्तकात मुलिगन नावाची गोष्टच नाही. ग्रीनवर चार फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा फटका, उरला की 'गिमी' म्हणून चेंडू उचलायचा. पट सोडून देणं ही मॅच प्लेमधली गोष्ट आहे, तिथे प्रतिस्पर्धी तो देऊ शकतो. स्ट्रोक प्लेमध्ये चेंडू भोकात घातलाच पाहिजे, न घालता पुढे गेलात तर स्पर्धेतून बाद. आठ फुटांवरून जगातले उत्तमोत्तम व्यावसायिकही साधारण निम्म्याच वेळा पट घालतात. आमच्या चौकड्यांत पाच-पाच फुटांचे पट 'अरे, उचल' म्हणून एकमेकांना वाटले जातात. मी तुझा सोडतो, तू माझा सोड. असे पाच-सहा पट, एक मुलिगन आणि एक हरवलेला चेंडू धरला की ८९चं कार्ड खरं तर ९७-९८चं असतं.

हरवलेल्या चेंडूचं पाहा. शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. नाही सापडला तर परत टीवर जायचं आणि तिथून तिसरा फटका मारायचा. म्हणून शहाणा माणूस शंका आली की आधीच प्रोव्हिजनल चेंडू मारून ठेवतो. ज्या मैदानाने २०१९पासूनचा पर्यायी स्थानिक नियम लागू केलाय, तिथे फेअरवेच्या कडेला चेंडू टाकता येतो, पण दोन दंड घेऊन, म्हणजे पुढचा फटका चौथा. आमचा गृहस्थ चेंडू जिथे दिसेनासा झाला तिथेच, तेही झाडापासून दूर, गवत बघून, दुसरा चेंडू टाकतो आणि तिसरा फटका म्हणून खेळतो. कोणता नियम लावलास असं विचारलं की उत्तर येतं, 'आपण काय व्यावसायिक आहोत का?'

या एका वाक्याची मला चीड येते. व्यावसायिक नसलास म्हणून मोठं भोक दिलं नाही कुणी तुला. हौशी माणसाला खेळाने हँडिकॅप दिला तो याचसाठी, की त्याने सगळे फटके प्रामाणिकपणे मोजावेत आणि तरीही आपल्याहून सरस खेळणाऱ्याशी बरोबरीने झुंजावं. १९६८च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेंझोने सतराव्या होलला तीन फटके घेतले होते, त्याचं कार्ड लिहिणाऱ्या मार्करने चुकून चार लिहिले, आणि याने न बघता सही केली. लाखो लोकांनी दूरचित्रवाणीवर तीन पाहिले होते. सही चारवर होती, म्हणून चारच धरले गेले आणि एका फटक्याने त्याची विजेतेपदासाठीची प्लेऑफ हुकली. कार्डावरच्या सहीला एवढं वजन आहे. आमच्याकडे ती सही जेवणाच्या टेबलावर, बिअरच्या ग्लासाखाली कार्ड धरून, आठवेल ते आकडे भरून केली जाते.

नियम माहीत नाहीत ही सबबही पटत नाही. १७४४ साली एडिंबराजवळ लीथला पहिले नियम लिहिले गेले तेव्हा ते १३ होते. पुढे जंगल वाढलं, आणि २०१९ साली ३४ नियम आवळून २४ केले, सोप्या भाषेत लिहिले, फोनवर फुकट दिले. ज्या फोनवर दिवसाला शंभर फॉरवर्ड वाचून होतात त्याच फोनवर. न वाचण्याचा तोटा यांनाच होतो हे यांना कळतही नाही. पावसाळ्यात फेअरवेवर चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर दंडाशिवाय काढून शेजारी टाकता येतो. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका आहे. कावळ्याने चेंडू पळवला आणि ते सगळ्यांनी पाहिलं असेल, तर मूळ जागी दुसरा चेंडू ठेवायचा, दंड नाही. मुंबईत कावळे कमी नाहीत. पण हक्काची सुटका कुठे आहे हे ठाऊक नसलेला माणूस झुडपाआडून बुटाने चेंडू सरकवायला मात्र बरोबर शिकतो.

हे सगळं माहीत असलेला एक जण प्रत्येक चौकडीबरोबर चालत असतो. त्याच्या खांद्यावर पिशवी असते.

कॅडीबद्दल लिहिताना मी मोघम बोलणार नाही. चेंबूरला १९२७ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब सुरू झाला. उपनगरातल्या गोल्फची कहाणी तिथून सुरू होते, आणि कॅडींचीही. आसपासच्या वस्त्यांमधली मुलं या कामात आली, मग त्यांची मुलं आली. बांधकामावरची सळई वाकवून केलेली काठी, पकडायला रबरी पाइपचा तुकडा आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन ही मुलं गल्लीबोळांत, घरांच्या दारांमधून गोल्फ खेळू लागली. तो 'स्लम गोल्फ' परदेशी छायाचित्रकारांनी जगाला दाखवला, आणि २०२३ साली सुजय डहाकेने त्याच नावाची वेबमालिका केली. तीन फुटांच्या बोळात लांबीच्या थापांना जागा नसते. तिथे चेंडू कुठे जातोय हे सगळी आळी बघत असते. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, तोवर एकाही भारतीय व्यावसायिकाला ती जिंकता आली नव्हती. खेळाची जाण पिशवी वाहणाऱ्याकडे किती असते, याला आणखी पुरावा काय हवा?

आता मी जे लिहितोय ते कोणा एका क्लबाबद्दल नाही. ही खोड खेळणाऱ्याची आहे, तो कुलाब्याला गेला, खारघरला गेला, पुण्या-नाशिकला गेला तरी तिला बरोबर नेतो. मी असंख्य वेळा पाहिलंय: चेंडू दाट झाडीत गेला आहे, सगळ्यांना आवाज ऐकू आलाय, आणि मिनिटभरात कॅडी ओरडतो, 'मिळाला साहेब!' चेंडू स्वच्छ, गवतावर उभा, पुढे मोकळी वाट. साहेबाला कळतं की हा आपला चेंडू नव्हे. कॅडीला कळतं की साहेबाला कळलंय. नियम सांगतो की कॅडीने मोडलेल्या नियमाचा दंड खेळाडूला. चुकीचा चेंडू खेळला तर दोन फटके, आणि चूक सुधारली नाही तर बाद. जाणूनबुजून केलं तर शिस्तभंग. साहेब काय करतो? मारतो आणि खालच्या आवाजात शाबासकी देतो.

एका वयस्क कॅडीला मी विचारलं होतं, 'काका, तुम्ही का टाकता दुसरा चेंडू?' ते म्हणाले, 'नाही टाकला तर पुढच्या शनिवारी साहेब दुसऱ्याला घेतात. माझी पाळी जाते.' याहून स्पष्ट काय असतं? ज्याचं घर दिवसाच्या पिशवीवर आणि वरच्या बक्षिशीवर चालतं, त्याला आपल्या खोटेपणाचा हमाल करायचं, आणि मग तेच साहेब बारमध्ये बसून म्हणायला मोकळे की 'ही कॅडी पोरं फार लबाड.' मला या वाक्याइतकं नीच वाक्य गोल्फमध्ये दुसरं ऐकायला मिळालेलं नाही.

खोटं कार्ड दोन्ही दिशांनी चालतं. एकाला मिरवायचं असतं, तो आकडे कमी लिहितो. दुसऱ्याला कॉर्पोरेट स्पर्धेतला टीव्ही किंवा फुकेतची सहल हवी असते, तो वर्षभर आकडे वाढवून लिहितो. २०२०पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आहे: शेवटच्या २० कार्डांतली उत्तम आठ धरून सरासरी. वीसच्या वीस कार्डं सोयीने भरली की सरासरीही सोयीची निघते. मग स्टेबलफर्ड या गुणांच्या प्रकारात जिथे ३६ गुण म्हणजे माणूस आपल्या हँडिकॅपइतका खेळला, तिथे अठराचा गडी ४५ गुण घेऊन येतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. त्या दिवशी प्रत्येक फटका मोजून ३७ गुणांवर आलेला माणूस मागच्या टेबलावर गप्प बसलेला असतो. त्याच्याकडून काहीतरी चोरलं गेलंय. बिझनेस क्लासमधून फिरणाऱ्याने टीव्हीसाठी केलेली ही चोरी आहे आणि तिला दुसरं नाव द्यायला मी तयार नाही.

हेच लोक मोठे कुठे झाले? डोंबिवलीच्या चाळीत, घाटकोपरच्या वाडीत, बोरिवलीच्या बिल्डिंगखाली. तिथे एक टप्पा आउट म्हणजे आउट होतं, चेंडू तळमजल्याच्या गॅलरीत गेला तर आउट होतं, आणि बॅट ज्याची त्यालाही त्यातून सूट नव्हती. बाद झाल्यावर रडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला घेत नसे. तेव्हा नियम पाळणारी पोरं क्लबाचं सभासदत्व मिळाल्यावर नियमांच्या वर कशी गेली, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

ही आमची आपसातली करमणूक आहे, तुला काय त्याचं, असं मला सांगितलं जातं. आपसातली नाही. या शहरात पोरांना क्रिकेटची एक पट्टी मिळत नाही. चेंबूरला लागून गोवंडी-मानखुर्द आहे, तिथे दहा बाय दहाच्या खोल्यांत कुटुंबं राहतात. अशा मुंबईत अठरा होलचं हिरवं मैदान आपल्या वाट्याला येतं. मी ते सोडून द्या म्हणत नाही, मला ते मैदान हवं आहे, ती झाडं हवी आहेत, तो खेळ हवा आहे. पण एवढी मोकळी जमीन पायाखाली घेऊन आपण तिथे काय करतो, असं कुणी उद्या विचारलं, तर 'आम्ही एकमेकांचे पट सोडतो' हे उत्तर मला द्यायचं नाही.

क्लबांनी हँडिकॅप देण्याआधी नियमांची तोंडी परीक्षा घ्यावी, आणि प्रश्न कॅडीमास्तरने विचारावेत. नापास झाला तर स्पर्धेत प्रवेश नाही, मग तो समितीवर का असेना. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक चौकडीबरोबर एक कॅडी मार्कर म्हणून द्यावा, आकडे त्याने लिहावेत, आणि त्याचं मानधन क्लबाने द्यावं, खेळाडूने नाही. तोवर माझ्या चौकडीत एक रीत आहे, ज्याला यायचंय त्याने ती पाळावी: पिशवीचे आणि बक्षिशीचे सगळे पैसे पहिल्या टीवर, पहिला फटका मारायच्या आधी कॅडीच्या हातात द्यायचे, आणि त्याला सगळ्यांसमोर सांगायचं की चेंडू नाही सापडला तर नाही सापडला म्हण.