गाव सुटलं, 'कर' लागला

इंग्रजांचा स्मिथ म्हणजे आपला लोहारच! बाळाजी विश्वनाथ भट १७१३ साली पेशवे झाले, तर पुढं पदच आडनाव बनलं. पण भूगावात राहणाऱ्याला 'भूगावकर' कोण कशाला म्हणेल? तिथं सगळेच भूगावचे! माणूस मुंबईला गेला, की लोक विचारणार, "तुम्ही कुठले?" मग गावाला 'कर' चिकटतो.

भूगावाच्या पुढं मुळशी. तिथं १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्या लढ्यानं पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली. धरण मात्र झालंच, गावं बुडाली. अशा बुडालेल्या गावाचा 'कर' लावणाऱ्याला "तुम्ही कुठले?" विचारलं, तर तो बिचारा पाण्याकडंच बोट दाखवणार, नाही का?

तुमचं आडनाव कुठून आलं? आज आजोबांना विचाराच!