बहात्तरची भूक आणि हृदयाची रक्तवाहिनी

देवगाव रंगारीत काय किंवा कन्नड तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात काय, पन्नाशीचा माणूस छातीवर हात ठेवून बसला की घरचे आधी ‘पित्त झालं असेल’ म्हणतात. सोडा आणतात, छाती चोळतात. घाम थांबेना, डावा हात जड पडला, की मग गाडी शोधून घाटी रुग्णालयाची वाट धरतात. आज पन्नाशी ओलांडलेल्या यातल्या अनेकांचा जन्म बहात्तरच्या (1972) दुष्काळातला. तेव्हा मराठवाड्यातल्या पोटुशा बाया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या आणि सुकडीवर, लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होत्या.

हृदयविकाराचा इतिहास लिहिताना या आयांचं नाव कुणी घेत नाही. ते घ्यायला हवं, असं आम्हाला वाटतं. का, ते कळायला आधी धमनी कशी बिघडते ते पाहू.

रक्तवाहिनीच्या भिंतीत दाह असतो, हे जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शो यांनी 1856 मध्येच सांगितलं होतं. पण 1913 मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या, आणि पुढची कित्येक दशकं सगळं बोलणं तेला-तुपाभोवतीच फिरत राहिलं. चरबीचा दोष खोटा नाही, अपुरा आहे. चरबीचे कण धमनीच्या अस्तराखाली अडकतात, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात. जंतू गिळायचा त्यांचा मूळ धर्मच तो. गिळून गिळून त्या फुगतात, तिथेच अडकतात आणि मदतीसाठी रासायनिक हाका घालत राहतात. या हाकांना सायटोकाईन म्हणतात. त्या ऐकून आणखी पेशी येतात, दाह वाढतो, साचलेल्या थरावरचं आवरण झिजतं. एक दिवस ते फाटतं, रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. हे सगळं अमेरिकेच्या रसेल रॉस यांनी 1999 मध्ये एका लेखात मांडलं, तेव्हा फिर्शोंच्या म्हणण्याकडे वैद्यकजगाने पुन्हा वळून पाहिलं.

त्याच वर्षी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी एक छोटा पण मोलाचा निष्कर्ष छापला. या हाकांचं रक्तातलं प्रमाण शहरातल्या भारतीयांत जास्त होतं, खेड्यातल्यांत कमी. याज्ञिकांचं पुण्याजवळच्या सहा गावांतलं काम 1993 पासून चालू होतं. तिथल्या आयांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन 42 किलोच्या आत होतं आणि बाळांचं सुमारे 2.7 किलो. इंग्लंडच्या बाळांपेक्षा ही बाळं सुमारे पाऊण किलोने हलकी. पण हाडामांसात जेवढी तूट, तेवढी कातडीखालच्या चरबीत नव्हती. बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखलेलं बाळ. आणि ही चरबीही दाहाच्या हाका सोडते!

हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत गर्भावस्थेचे सुरुवातीचे महिने ज्यांनी आईच्या पोटात काढले, त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त आढळला. मराठवाड्याच्या बहात्तरबद्दल तसाच निष्कर्ष आम्ही काढत नाही. पण प्रश्न विचारायला हवा, कारण ती माणसं आज ऐन धोक्याच्या वयात आहेत. शिवाय ज्या खेड्याच्या रक्तात तेव्हा दाह कमी दिसला, तिथे आता शेतावर जायला मोटारसायकल आहे आणि टपरीवर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकतात.

औषधांचं म्हणाल, तर 2017 मध्ये दहा हजारांवर रुग्णांवरच्या चाचणीत दाहाच्या या रासायनिक हाकांपैकी एकच हाक बंद केली. कोलेस्टेरॉल होतं तेवढंच राहिलं, तरी झटके कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, कारण त्याच हाकांवर जंतूंशी लढाई चालते. वातावर युनानी हकीम देतात त्या सुरंजानच्या जातीच्या झाडातलं कोल्चिसिनही 2020 च्या चाचणीत उपयोगी ठरलं, मात्र झटक्यानंतर लगेच ते देऊन पाहिलेल्या पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. (ते विषारी आहे, कुणी आपल्या मनाने घेऊ नये.)

म्हणून आमची मागणी साधी आहे. आज बाळाचं जन्मवजन माता-बाल कार्डावर लिहिलं जातं. मूल शाळेत जाईपर्यंत कितीतरी घरांत ते कार्ड चुलीजवळच्या फडताळात विरून जातं. तो एक आकडा दवाखान्याच्या नोंदीत माणसाच्या पन्नाशीपर्यंत टिकायला हवा. आणि बहात्तर-त्र्याहत्तरमध्ये जन्मलेल्यांची साखर, रक्तदाब आणि कंबरेचा घेर आधी मोजायला हवा. छातीत पित्त होण्याच्या आधी.